सकाळचं बोलणं

सरलाबाईंनी दाराच्या चौकटीला खांदा टेकून सगळं ऐकून घेतलं, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तुझ्या मालकाचं कधीपासून हाय?" धनश्रीला आधी प्रश्न कळलाच नाही. लिंबायतच्या त्या इमारतीत ती हातात पत्रकं घेऊन तळमजल्यापासून दारं वाजवत वर आली होती आणि प्रत्येक दारात तेच बोलली होती: ती पांढरी पूड, एमडी म्हणतात तिला, आपल्या गल्लीपर्यंत आली आहे, घरातला कोणी झोपेनासा झाला, ताटावरून तसाच उठायला लागला, उगाच संशय घ्यायला लागला, तर लपवू नका, मारू नका, दवाखान्यात न्या. हे सगळं शोभाबाईंनी बायकांना देवळाच्या ओट्यावर बसवून तोंडी शिकवलं होतं, आणि धनश्रीचं पाठांतर शाळेपासून चांगलं म्हणून तिला ते लगेच यायला लागलं होतं. पण सरलाबाईंच्या दारात बोलता बोलता तिच्या तोंडून पुढचंही निघून गेलं. काही खात नसतानाही जबडा हलत राहतो, ती म्हणाली, आणि डोळा लागलाच तर दातांचा आवाज येतो, जात्यात खडा सापडल्यासारखा. मग शेजारी निजलेल्या माणसालाही आपलेच दात दुखायला लागल्यासारखं वाटतं. हे शेवटचं शोभाबाईंनी शिकवलेलं नव्हतं.

"माझ्या मालकाचं नाही हो काकू," ती म्हणाली. "आम्हाला असं सांगायला सांगितलंय."

सरलाबाई परभणीकडच्या. साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणून करायच्या, आताही त्यांच्या बोटांना वाळलेला गोंद होता आणि एका नखावर एक हिरवा खडा तसाच राहून गेला होता. धनश्री त्या खड्याकडे बघत राहिली. "बरं," सरलाबाई म्हणाल्या, "माझ्या भावाचं दारूचं व्हतं. म्हणून इचारलं." मग त्यांनी दार लावून घेतलं, आत आजारी माणूस निजलेला असावा तसं, कडीचा आवाज न होऊ देता. त्यांनी दार आदळलं असतं तर धनश्रीला बरं वाटलं असतं. हळू लावलेल्या दाराचा अर्थ तिला कळला आणि पुढचं दार न वाजवताच ती जिना उतरायला लागली.

आता एका माणसाला माहीत आहे. सरलाबाई वाईट नव्हत्या, पण खडे चिकटवायला त्यांच्याकडे दुपारी आणखी दोघी-तिघी येऊन बसत, आणि हात चालू असले की तोंडही चालतंच. संध्याकाळपर्यंत ते भिकनभाऊंच्या कानावर जाईल. भिकनभाऊ मंडळाचे अध्यक्ष. गल्लीतून ही घाण हाकलून लावायची असं त्यांनी देवळात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि त्यांनी हाकललीही होती. मागच्या चौकातल्या एका पोराच्या खिशात पुडी सापडली तेव्हा त्याला शर्ट काढून देवळापर्यंत चालवत नेलं होतं, भर दुपारी, आणि मग पोलिसांची गाडी आली होती. धनश्रीने ते गॅलरीतून पाहिलं होतं. त्या पोराची पँट ओली झाली होती आणि तो ओल्या पँटवर दोन्ही हात धरून चालत होता. लहान पोरं मागून पळत होती. कुंदन, तिचा नवरा, तेव्हा तिच्या शेजारीच गॅलरीत उभा होता. "बरं करं," तो म्हणाला होता, चांगलं केलं, आणि ती त्याच्याकडे वळली तेव्हा त्याचा जबडा हलत होता. तोंडात काही नव्हतं. तिने नजर तेव्हाच काढून घेतली होती, तापलेल्या तव्यावरून बोट काढावं तशी, आणि आत जाऊन तिने उगाचच डबे पुसायला घेतले होते.

खाली शोभाबाई उभ्या होत्या. त्यांचा मुलगा योगराज गेल्या वर्षी गेला. ही पूड घ्यायला लागल्यापासून त्याला सारखं कोणीतरी मागे लागल्याचं वाटायचं, आणि एका दुपारी तो असाच कुणाला तरी घाबरून पळत सुटला तो थेट ट्रकखाली. तेव्हापासून शोभाबाई दारं वाजवत फिरायच्या. सुरुवातीला एकट्याच. त्यांनी धनश्रीचा चेहरा पाहिला. "काय व्हयनं माय तुले?" त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

"ऊन लागलं असेल."

"घर जाय. पानी पी, पडी ऱ्हाय. उरेल दारं मी करस."

घरी जाताना तिला घर नको होतं. दोन्ही बाजूंनी एम्ब्रॉयडरी मशीनचा एकसारखा आवाज येत होता. या गुजराती शहरात लग्न करून आली तेव्हा पहिले काही दिवस तिला तो आवाज उशीतूनही ऐकू यायचा. मग ऐकू येईनासा झाला. आज पुन्हा येत होता. कुंदन कतारगामच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, अशाच मशीनवर रातपाळी करायचा. लांबच लांब मशीन, पसरलेलं कापड, ओळीने नाचणाऱ्या सुया, आणि कुठे धागा तुटला की धावत जाऊन जोडायचा. सकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर धाग्यांची रंगीत तुसं असायची. लग्नानंतरचे पहिले महिने तो येऊन गप्प जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. वाईट वागायचा नाही, पण बोलायचाही नाही. अमळनेरला आईने फोनवर विचारलं की ती म्हणायची, चांगले आहेत, शांत आहेत. एकाच खोलीत दिवसभर झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून ती भांडी कापडावर ठेवायची, कुकरची शिट्टी होण्याआधीच गॅस बारीक करायची, आणि तिला वाटायचं, आपण हळूहळू बोलणं विसरून जाऊ.

आणि मग श्रावणात, कानबाई देवी बुडवून आले त्याच्या दुसऱ्या सकाळी, तो बोलायला लागला. कामावरून आला, हातपाय धुतले आणि झोपायच्या ऐवजी तिच्यासमोर मांडी घालून बसला. शिरपूरजवळच्या त्याच्या गावाविषयी बोलला, ज्वारीत लपून बसलेला असताना सगळं गाव त्याला शोधत होतं त्याविषयी, बापाच्या हाताला येणाऱ्या चुन्याच्या वासाविषयी. विहिरीत वाकून बघताना आपण उडी मारू अशी भीती वाटायची, असं त्याने तिला सांगितलं, आणि कुणी पुरुष आपल्या भीतीविषयी असं सांगताना तिने कधी ऐकलं नव्हतं. पाहण्याचा कार्यक्रम झाल्यावर तो तिला पुन्हा बघायला म्हणून एकटाच अमळनेरच्या स्टँडवर येऊन बसला होता, कॉलेजातून सुटलेल्या मुलींत तिला शोधत. हे सांगताना त्याचे डोळे मोठे आणि काळेभोर झाले होते. ती खिडकीला साडी बांधून ऊन अडवायची आणि त्या हिरवट अंधारात तो दुपारपर्यंत बोलत राहायचा, हात हातात घेऊन, मध्येच उठून, पुन्हा बसून. भाजी करपायची. तिला वाटायचं, आता खरं लग्न झालं. नंतर केव्हातरी तो जेवेनासा झाला, वाळला, खिडकीच्या फटीतून खाली बघायला लागला, पण त्या पहिल्या सकाळी तिने मनात वेगळ्या ठेवल्या होत्या, चांगल्या साड्या ठेवतात तशा, आणि इतक्या दिवसांत त्यांना हात लावू दिला नव्हता. देवळाच्या ओट्यावर शोभाबाई सांगत होत्या, सुरुवातीला माणूस लई बोलतो, लई गोड बोलतो, मना योगराजसुद्धा माझ्या गळ्यात पडून बोलायचा, माले वाटे पोऱ्या सुधरना, पोरगा सुधारला. तेव्हा बाकीच्या बायका माना हलवत होत्या आणि धनश्रीला आपल्या पोटातून काहीतरी हळूच काढून घेतल्यासारखं झालं होतं. तिने ते वाक्य बरोबर पाठ केलं. दारोदार म्हणताना मात्र ते नेहमी वगळलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. कुंदन जमिनीवर बसला होता आणि कूलर सुटा करून मांडला होता. पंखा, मोटर, जाळ्या, गवताच्या गाद्या, सगळे स्क्रू वर्तमानपत्रावर आकाराप्रमाणे लावलेले. कूलरला काही झालं नव्हतं. सकाळी तो चालू होता.

"कोठे गयथी?"

"शोभाबाईंबरोबर. सांगितलं होतं तुम्हाला."

"काय सांगतस तुम्ही दारोदार?" तो एक स्क्रू फडक्याने पुसत होता. तो आधीच चकचकीत होता. "म्हन ना. लोकले सांगस, माले बी सांग."

तिने पत्रकं मांडणीवर ठेवली. पाणी प्यावंसं वाटत होतं पण माठाकडे जायला त्याला ओलांडावं लागलं असतं. तिने सांगायला सुरुवात केली. आवाज शाळेतल्यासारखा निघाला. पांढरी पूड. गल्लीपर्यंत आली आहे. झोपत नाही, जेवत नाही. तो मान न उचलता ऐकत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर एकेक स्क्रू उचलून पुसून ठेवत होता. संशय घेतो, ती म्हणाली, आणि त्याचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. तिला थांबता येत होतं. एवढंच आहे, म्हणता येत होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "सुरुवातीला लई बोलतो. लई गोड बोलतो. घरच्यांना वाटतं, माणूस जवळ आला."

कुंदनने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ती अंधारी खोली नव्हती की अमळनेरचं स्टँड नव्हतं, नुसतीच भीती होती, आणि ती तिच्या भीतीसारखीच दिसत होती म्हणून तिला जास्त घाबरायला झालं. त्याने तिचं मनगट धरलं. बांगडी आत रुतली.

"कोनले सांगं तू? भिकनभाऊले?"

"कोणालाच नाही."

"खरं सांग. खाले दोन जन उभा शेतस सकाळपाईन."

"खाली कोणी नाही. तो भाजीवाला आहे."

"खातामा समदाच लेतस," तो म्हणाला, आणि मग एकदम भरभर बोलायला लागला, शब्दावर शब्द चढत. सगळेच घेतात. झोप आली तर बोट सुईखाली जातं, एकाचं गेलं, त्याच्या समोर गेलं. एकदाच घेतली होती, जागं राहायला. चांगलं वाटायचं. तुझ्याशी बोलता यायचं. नाहीतर काय बोलणार मी, माझ्याजवळ काय आहे बोलायला. बोलता बोलता त्याची पकड सैल झाली पण सुटली नाही. तिने दुसऱ्या हाताने त्याची बोटं एकेक करून काढली. त्याने काढू दिली. हात लहान मुलाचा असावा तसा गरम आणि ओला होता. ती उठली, चपला न घालताच जिना उतरली, आणि रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण वर बघत नाही आहोत, कारण तो खिडकीच्या फटीत असणार.

शोभाबाईंच्या घरी योगराजचा फोटो फ्रिजवर होता, लग्नातल्या फेट्यातला, दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नातला. धनश्री त्याच्याकडे पाठ करून बसली. शोभाबाई तिच्या अनवाणी पायांकडे बघत होत्या.

"कुंदन शे का?" त्यांनी विचारलं.

धनश्रीने मान हलवली. शोभाबाईंनी उठून पुढचं दार लावलं, पाण्याचा तांब्या आणला, आणि ती पीत असताना तिच्या मनगटावरचा लाल वळ बघून घेतला.

"भिकनभाऊंना कळलं तर ते त्यांना देवळापर्यंत नेतील," धनश्री म्हणाली. "शर्ट काढून."

"भिकनले मी सांभाळसू. मना दीर शे तो." त्यांचा आवाज घरातल्या कामाचं बोलावं तसा होता. "उद्या सकाळी तो कामावरून येईल तेव्हा मी रिक्षा घेऊन खाली थांबते. सरळ दवाखान्यात जाऊ. आपणहून उपचाराला गेलेल्या माणसाला कोणी धरत नाही, डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय आम्हाला. तू फक्त त्याला वर येऊ देऊ नको. वर आला की आतून दार लावून घेईल."

"ते आले नाहीत तर?"

शोभाबाईंनी तांब्या घेतला, उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. "तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहीन," त्या म्हणाल्या.

ती रात्र धनश्रीने शोभाबाईंकडेच काढली. सकाळी कुंदन गल्लीच्या टोकाला दिसला तेव्हा धनश्री जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. त्याने रिक्षा पाहिली, शोभाबाईंना पाहिलं, आणि थांबला. मागे वळला असता तर तिला त्याच्यामागे धावता आलं नसतं. पावाची गाडी त्याच्या जवळून गेली. एक बाई त्याला वळसा घालून पाणी शिंपडून गेली. तो तिथेच उभा, भुवयांवर जांभळी तुसं, आणि अचानक तो इतका दमलेला दिसला की तो उभ्या उभ्या कोसळेल अशी तिला भीती वाटली. मग तो चालत आला आणि रिक्षात बसला. शोभाबाई एका बाजूला, धनश्री एका बाजूला. रस्ताभर तो मागच्या काचेतून बघत होता. एकदा त्याने धनश्रीच्या कानाशी विचारलं, "त्या खरंच दवाखान्यात नेत आहेत ना?" तिने हो म्हटलं, आणि म्हणताना तिला क्षणभर स्वतःलाच खात्री वाटेना.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, गुजराती वळणाचं हिंदी बोलणारी. तिने नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि विचारलं, "कब से?"

"एक महिना," कुंदन म्हणाला. "ज्यादा नहीं."

डॉक्टरने धनश्रीकडे पाहिलं. उत्तर तिला माहीत होतं. त्या उत्तराबरोबर त्या वेगळ्या ठेवलेल्या सकाळीही द्याव्या लागणार हेही माहीत होतं, आणि ती खुर्चीच्या लोखंडी दांडीला धरून बसली. डॉक्टरला घाई नव्हती. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारत होते. "कानबाई के बाद से," धनश्री म्हणाली, आणि कानबाई म्हणजे काय ते डॉक्टरला कळणार नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "सावन से. विसर्जन हुआ, उसके दूसरे दिन सुबह से." डॉक्टरने लिहून घेतलं. कुंदन धनश्रीकडे बघत होता.

"तुले तव्हयपाईन माहीत व्हतं?"

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा मला वेगळंच वाटलं होतं."

त्याने मान खाली घातली. काय वाटलं होतं ते त्याने विचारलं नाही, आणि स्टँडवर खरोखर येऊन बसला होतात का, हे तिनेही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो नाही म्हणाला असता तर घरी परत न्यायला काहीच उरलं नसतं.

त्याला काही दिवस तिथे ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. खातं सुटलं. शोभाबाईंनी ओळखीतून त्याला एका गोदामात साड्यांच्या घड्या घालायचं दिवसाचं काम मिळवून दिलं. भिकनभाऊंना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण ते जिन्यात भेटले तर नुसती मान हलवायचे. सरलाबाई एकदा बाजारात दिसल्या आणि त्यांनी धनश्रीला काही न विचारता आपल्या पिशवीतली मेथीची जुडी दिली. भीती मात्र गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. आधी तो झोपत नाही म्हणून ती घाबरायची, आता तो झोपायचा म्हणून घाबरायची. सुट्टीच्या दिवशी तो सकाळपासून पडून राहायचा, भिंतीकडे तोंड करून, इतका स्थिर की ती पोळ्या लाटता लाटता मध्येच उठून त्याच्या पाठीकडे बघून यायची. पाठ वर-खाली होत असायची. जागा असला की चिडायचा, नाहीतर गप्प. औषधांची वेळ ती सांगायची, तो घ्यायचा. त्या गप्प माणसाबरोबर ती पुन्हा एकदा लग्न होऊन आल्यासारखी राहत होती, आणि कधी कधी, भांडी कापडावर ठेवताना, तिला त्या बडबड्या सकाळींची इतकी आठवण यायची की तिला स्वतःचीच भीती वाटायची. दवाखान्यात त्याला विचारतात, तलब येते का. तिला कोणी विचारत नव्हतं.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी तो उठला, तोंड धुतलं आणि ताटावर येऊन बसला. ती भाकरी थापत होती. त्याने अर्धी भाकरी खाल्ली, मागून घेतली, वांग्याचं भरीत बोटाने चाटलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, बघितलं तर तो थांबेल असं वाटत होतं. तेवढ्यात गादीवर त्याचा फोन थरथरायला लागला. फोनवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. कुंदनने तो पाहिला आणि त्याच्या हातातला घास ताटात पडला. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला.

"कोण आहे?"

"तोच," तो म्हणाला. "पुड्या घेऊन खात्याच्या बाहेर उभा ऱ्हायचा तो. घरी आल्यापासून रोज करतोय."

हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. रोज, म्हणजे ती मेथी निवडत होती तेव्हा, ती त्याची पाठ बघत होती तेव्हाही. फोन गादीवरून हळूहळू सरकत काठाशी येत होता. कुंदनचे दोन्ही हात मांडीखाली होते, त्याने ते स्वतःच दाबून धरले होते, आणि कपाळावर घाम आला होता. "मी उचलला तर हो म्हणेन," तो म्हणाला. "तू उचल."

तिने पिठाचे हात पदराला पुसले. फोन कानाला लावला. तिकडे रस्त्याचा आवाज होता, हॉर्न, आणि कुणीतरी अगदी मैत्रीने हसल्यासारखं "बोल भाई" म्हणालं. "मी कुंदनची बायको बोलते," ती म्हणाली, आणि मग आवाज फुटला तरी थांबली नाही. "धनश्री. त्यांना आता फोन करायचा नाही. केला तरी मीच उचलणार." तिकडचं हसणं थांबलं. फोन बंद झाला नाही. माणूस होता, श्वास ऐकू येत होता, तो ऐकत होता. काही वेळाने त्याने तिचं नाव हळूच, पाठ करावं तसं उच्चारलं आणि फोन ठेवून दिला.

तव्यावरची भाकरी जळत होती. कुंदनने उठून ती उलटली, बोट भाजलं, तोंडात घातलं. "काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"काही नाही," धनश्री म्हणाली. तिने फोन ब्लाउजमध्ये ठेवला, दाराची कडी आतून लावली, ती नीट बसली का हाताने चाचपून पाहिली, आणि परातीपुढे येऊन बसली. पुढची भाकरी वाकडी झाली. कुंदनने ती तशीच घेतली आणि खायला लागला.